शिवाराबाहेरचा रेणू

फाईलचं नाव मी काळीज-सात ठेवलंय.
यकृत म्हटलं की दवाखान्याचा वास येतो,
आणि मिरजेच्या मटण मार्केटात आजवर
कुणी पाव किलो यकृत मागितलेलं नाही.

विश्रामबागेतलं कॉलेज, दुसरा मजला,
पंख्याला एक पातं कमी.
इथे रेणू येतात अक्षरं होऊन:
कार्बन, कार्बन, कंस उघडला, क्लोरीन,
कंस मिटला, नायट्रोजन, पुन्हा वळसा.
वास नाही. डोळ्यांत झोंबणं नाही.
ओळीच्या शेवटी एकच रकाना,
गाठ झाली की नाही झाली.

हा रकाना उंदरांनी भरलाय.
नऊशे बारा ओळी. प्रत्येकीमागे
पिंजऱ्यांची रांग, दोन वर्षांचं दाणापाणी,
आणि शेवटी कुणीतरी काचेखाली धरलेला
नखाएवढा काप.
मॉडेल चांगलं आलं की आम्ही चहा मागवतो.
उंदरांचा विषय निघत नाही.

गुरुवारी दस्तगीरमामू आला,
सावळजहून, दोन एसट्या बदलून.
बावीस वर्षं लोकांच्या द्राक्षबागा फवारणारा माणूस,
बोटांच्या पेरांवर निळसर साय, धुऊन न जाणारी.
खिशातून लेबल काढलं, घड्या पडून मऊ झालेलं.
"नवीन औषध आलंय. विचार की तुझ्या मशीनला,
काळजाला धरतंय का."

मी अक्षरं भरली.
चहा निवायच्या आत आकडा आला,
शून्य पॉइंट एकतीस.
"म्हंजे पास?"

आकड्याखाली बारीक टायपात एक सूचना होती,
जी आम्ही पेपरात तळटीपेत ढकलतो.

मामू, सावळजच्या तलाठ्याला
कवठ्याचा उतारा मागितलास
आणि तो नाही म्हणायला शिकलेलाच नसला,
तर काहीतरी लिहून देईलच ना?
शिक्कासुद्धा मारेल.
ह्या मशीनचंही एक शिवार आहे,
नऊशे बारा बांधांचं.
तुझं औषध वेशीबाहेर उभं आहे.
त्याच्या जातीचा एकही रेणू ह्यानं पाहिलेला नाही.

"मग एकतीस कुठनं आणलं त्यानं?"

तोंडी परीक्षेला तीन प्राध्यापक होते.
हे कुणी विचारलं नव्हतं.

मामूनं लेबल पुन्हा घडी केलं,
त्याच घड्यांवर.
"परवा चार एकर मारायचंय," म्हणाला,
"मालकानं बॅरल आणून ठिवलंय."
मी प्रयोगशाळेतले हातमोजे दिले, अख्खा खोका.
त्याच्या पंजाला ते मनगटापाशीच फाटले.
दोघंही हसलो. एक जोड त्यानं तरी खिशात घातला.

जाताना टेबलावर बेदाण्याची पुडी ठेवली.
मी तीन पाण्यांनी धुतले.
मग खाल्ले.
गोड होते.

रात्री तक्त्यात एक ओळ वाढवली, नऊशे तेरावी.
अक्षरं सगळी नीट भरली, कंसाला कंस जुळवून.
शेवटचा रकाना कोरा ठेवलाय.
तो मामूनं भरू नये, एवढंच.