पाहून येतो, कुठी पडला

मे महिन्यात दत्तवाडीत दुपारी चिटपाखरू नसतं.
कूलरला दोन बादल्या पाणी घालून
बाबा माझ्याशेजारी टेकले, चष्मा पुसत.
"कोणतं घेऊन राहिली?"

खण आठ, धनुष्यं आठ.
वेताचं झटकन ओढलं जातं, पण सशापुरतंच.
सागाचं उंच, मारा जबर,
ओढेस्तोवर रानडुक्कर अंगावर.
शिंगाचं एकदम तीन बाण सोडतं,
त्यातले दोन वायाच जातात
हे कळायला मला आठवडा लागला.
आणि शेवटच्या खणात ते निळं,
गुहेतून जीव मुठीत धरून आणलेलं.
साठ बाण सोडले की तुटतं, म्हणून
एकदाही ताणलेलं नाही.

"मंग ठेवलं कायले?"
"मोठ्या लढाईसाठी."
बाबा हसले.
मी कपाटाकडे बघितलं.
रिटायरमेंटचं घड्याळ, डब्यात, प्लास्टिकसकट.
बाबा हसायचे थांबले.
"आण इकडं," म्हणाले.

तेहतीस वर्षं ऑर्डनन्समध्ये
तोफगोळ्यांची मापं घेतलेले अंगठे
कंट्रोलरवर आधी नुसते फिरले.
मग एकेक खण उघडून आकडे वाचले,
मारा, पल्ला, टिकाव,
ओठ हलवत, तपासणीच्या रजिस्टरात भरल्यासारखे,
आणि वेताचंच उचललं.
"याचा हात हलका आहे."

पहिला बाण झाडात.
दुसरा तळ्यात, बुडुक.
तिसरा टेकडीवरून सुटला,
लांब गेला, वाकला, गवतात दिसेनासा झाला.
खाली राक्षस घोरत होता, पाठ आपल्याकडे.
"बाबा, डोक्यावर धरा, डोक्यावर!"
पण ते टेकडी उतरायला लागले.
"अहो, कुठे?"
"पाहून येतो, कुठी पडला."
"अजून चाळीस आहेत भात्यात."
"असू दे."

त्या गेममध्ये गवत हाताने सारता येत नाही.
बाबा गोल गोल फिरत राहिले,
टीव्हीच्या काचेला नाक लागेस्तोवर वाकून.
सापडला.
एका दगडाला टेकून पडला होता.
आजूबाजूला कोणी नव्हतं.
दगडाला ओरखडासुद्धा नाही.

बराच वेळ उचललाच नाही त्यांनी.

"माहे गोळे कुठी पडले," म्हणाले,
"कोणी सांगतलं नाही कधी."

कूलरचा पंप कोरडा घरघरला.
ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, बादली घेऊन नळाकडे गेले.

मी शेवटचा खण उघडला.
निळं काढलं, ताणलं पूर्ण,
आणि राक्षसाला झोपू देऊन
एक बाण पलीकडच्या रिकाम्या माळावर सोडला,
बाबांना शोधायला.