वजनावरून

गाड्या मी आवाजावरून नाही,
वजनावरून ओळखतो.
फेरीबोटीचा रॅम्प पायाखाली किती दबला
त्यावरून कळतं, पोटात टाकी आहे की बॅटरी.

डॉक्टर बेंडलबाईंची पांढरी गाडी दिसायला बेताची,
पण चढली की बोट बोटभर बसते.
म्हणून ती मधोमध.
पहिल्या वेळी ती मागे आली तेव्हा
गुडघ्याला बंपर टेकला, मग कळलं.
इतकं गप्प असू नये कुणी.
बाई म्हणतात, किलोमीटरला रुपया पडतो.
धोपाव्याचा चढ चढताना टक्के भराभर गळतात,
उतरताना थोडे परत येतात,
आहेरासारखे. दिले तेवढे नाही, पण येतात.
वादळात मात्र नऊ दिवस खांब आडवे होते.
गाडी पडवीत, तिच्या टपावर सुपारी वाळत घातलेली,
आणि बाई बाळंतिणीकडे गेल्या
परकारांच्या डिझेल जीपमधून.

ती जीप. खोकते, तेल गाळते,
तिच्या धुरानं डेकवरची पोरं नाक धरतात.
दाऊदभाई तिला पान्यानं चालू करतात
आणि पान्यानं नाही झाली तर शिव्यांनी.
बॅटरीला शिव्या कळत नाहीत,
हे त्यांचं ठाम मत.

रेवाळ्यांच्या धाकट्यानं हायब्रिड घेतली.
एका खोलीत दोन भाऊ, म्हणतो.
सपाटीला धाकटा, चढाला थोरला,
कोण कधी उठलं, कोण झोपलं,
आत बसलेल्याला पत्ता नाही.
प्लग नको, थांबणं नको.
आणि दोघं एकदम आजारी पडले तर?
चिपळूणला नेईन, म्हणाला.
नेली. त्यांनी कोल्हापूरला पाठवली.

काल एक पाहुणा कठड्याला टेकून
हायड्रोजनचं सांगत होता.
धुराड्यातून म्हणे नुसतं पाणी गळतं.
भरायचा कुठे, विचारलं,
तर खाडीकडे बघत राहिला,
भरतीबरोबर पंप येणार असल्यासारखा.
पाण्याचं कौतुक आम्हाला काय सांगता?
रोज रात्री साखळ्यांवरचं मीठ खरवडतो मी.
तांब्याची तार असो की सायलेन्सर,
मीठ कुणाचाच पक्ष घेत नाही.

दोर सुटला की ओरडतो,
इंजिनं बंद, हँडब्रेक वर!
मग सगळ्या नुसत्या ओझी.
खाली बोटीचं जुनं डिझेल
सगळ्यांचे वाद पाठीवर घेऊन धडधडतं.

परवा शेवटच्या फेरीला माझी तन्वी होती,
रत्नागिरीला आयटीआयत इलेक्ट्रिकल शिकते.
उकिडवी बसून डेकच्या पत्र्यावर तळवा ठेवला,
बराच वेळ.
मग म्हणाली, बाबा,
ह्याला किती किलोची बॅटरी लागेल?

तू आण, म्हटलं.
रॅम्पवर चढव.
मग सांगतो.