चतुःसीमा

भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं साखळी ओढली मी,
नकाशा कुठं खोटं बोलतो ते कळतं.
हा एक मात्र कळला नाही.

जिनिंगच्या जुन्या वहीत
सरकी, रुई, गठाणींच्या आवकेमागं
नऊ पानं कोरी उरली होती.
आठांवर लायझर मिस्त्रीनं आपलं गाव काढलंय,
पोलंडातलं. झाकलीन.
वडील म्हणायचे, नावातच झाकलेलं, सापडंल कसं?

एकोणचाळीसला आला तो मनमाडहून, छोट्या गाडीनं,
निजामी मुलखातलं इंजिन दुरुस्त करायला.
शुक्रवारी दिवेलागणीला खिडकीत दोन दिवे लावायचा.
बॉयलरवरचा फकरोद्दीन न विचारता तेल घालून जायचा:
जुम्म्याचे दिवे, कुणाचेही असोत.

बेचाळीसनंतर पत्रं थांबली.
सेहेचाळीसात एक आलं, पातळ, परक्या हाताचं.
त्या रात्री त्यानं वही मागितली.

पूर्वेस नदी, कातडी धुण्याचा घाट.
पश्चिमेस लाकडी प्रार्थनाघर, त्याला टेकून भट्टी पावाची.
दक्षिणेस सोमवारचा बाजार, घोडे, कांदे.
उत्तरेस कबरी.
(त्यांचे दगड आता रस्त्यात घातलेत, असं पत्रात होतं.)
घरोघर नावं. शाइंदल शिंपीण. मोतल पखालजी.
एका घरात फक्त, इथली मुलगी तोतरी होती.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
प्रमाण नाही, उत्तरेचा बाण नाही,
त्याच्या स्वतःच्या घराची जागा कोरी.

मग अठ्ठेचाळीसचा भादवा.
वडील एवढंच सांगायचे, तीन दिवस भोंगा वाजला नाही.
चौथ्या दिवशी बॉयलर गार,
आणि मिलमागची गल्ली: दारं सताड, चुलींवर तवे.

लायझर नवव्या पानावर बसला.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस मशीद, तिला टेकून नानबाई.
तोच हात, तेच कोन.
इथं कोण राहायचं? आणि इथं?
वडील सांगत गेले. एका दारापाशी अडले.
आत्ताच आठव, मिस्त्री म्हणाला,
उद्या विसरणं तुलाही सोपं जाईल.

पुढं तो कुठं गेला, वहीत नाही.

त्या गल्लीची मोजणी नंतर मीच केली,
प्लॉट पाडले, चौदा ते एकतीस. सही माझी.
फकरोद्दीनचं घर सतरात निघतं.
तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे.
शुक्रवारी बंद असतं.
कारण काही नाही,
त्या दिवशी लाईट नसते.