ठ

ठचे खिळे आमच्याकडे बावीस.
मुंबईहून पडावातून आले, भाताच्या तुसात,
दोन वाटेत सांडले. म्हटलं, चालेल,
ठ एवढा कोणाला लागतो?

सुब्राय नेवग्यांना लागला.
म्हापशात, गुळाच्या जुन्या वखारीत छापखाना,
मुंग्या खिळ्यांच्या खणांतून हिंडायच्या.
डावा रकाना पोर्तुगीज, तो कास्मीर जुळवी;
उजवा मराठी, तो माझ्याकडे.
त्याला माझा वाचता येत नसे, मला त्याचा.
शिव्या मात्र दोघांना एकाच भाषेत मिळत.

दर शनिवारी ‘समई’ निघे
आणि दर शनिवारी त्यात हडफड्याची मिठागरं.
इजारदार खंडीमागे किती उकळतो,
कुणाच्या टाचा कशा फाटल्यात
आणि त्यात काय चुरचुरतं.
मीठ, मिठाचा, मीठ, मिठावर,
तिसऱ्या परिच्छेदाला माझा खण रिकामा.

“ठ संपले.”
मालकांनी तपकीर ओढली. “लवण घाल.”
घातलं. सोमवारी जानू मीठगावडा दारात उभा:
“लवण म्हणजे कोण?”
मालक हसले नाहीत.
“मीठच लिही,” म्हणाले. “ठ नसेल तिथं जागा सोड.
लोक भरतील.”

पाच वर्षं आम्ही तसं छापलं.
मी, मग एक फट.
बाजारात मोठ्यानं अंक वाचणारा
त्या फटीपाशी एकदाही अडखळला नाही.

मग निवडणूक. मतं इगर्जीत द्यायची,
तीही आगरमालकांनी; मीठगावडे पायऱ्यांवर.
पत्रक जुळवलं मीच:
मी इजारदाराला घालवीन. मी कामारात बोलेन. मी.
बावीसच्या बावीस ठ खणात बसून होते.
जानूला अक्षरओळख नव्हती,
एवढं एक चित्र तेवढं पाठ, मी आणि पुढची फट.
पत्रकावर बोट टेकवून तो सगळ्यांना दाखवत होता:
“हे बघा मीठ. हे इथं मीठ. खालीसुद्धा.”
मी पाहिलं. बोललो नाही.
छापखान्याचा पगार तेव्हा दोन महिने थकला होता.

नेवगी निवडून आले. काळा कोट शिवला.
‘समई’ महिन्यानं निघू लागली, मग फक्त दिवाळीला.

इजारदार गेला, हे खरं.
पुढच्या चैत्रात कामाराची नोटीस आली, छापायला आमच्याकडेच:
बाजारात येणाऱ्या मिठावर, खंडीमागे, इतके.
खाली सही ओळखीची, शेवटचं वळण वर उडालेलं.
ठ सहाच लागले. पुरले.
उलटं वाचायची माझ्या डोळ्यांना सवय;
ही नोटीस दोन्हीकडून तीच निघाली.
मुद्रितं तपासायला मालक स्वतः आले,
एक स्वल्पविराम काढला,
टोपी घातली आणि गेले.

अकरा वर्षांनी त्यांचा मृत्युलेख.
प्रतिष्ठित, श्रेष्ठ, एकनिष्ठ.
हा ठ निराळा असतो, ष ला जोडून ओतलेला,
त्याचा खण वेगळा, वरच्या रांगेत.
खिळे इतक्या वर्षांनी कोरे होते,
एकाची कड बोटाला लागली.

जानू आला, आता काठी टेकत.
कागद मागून घेतला, बोट ठेवलं,
पहिल्या ओळीपासून सावकाश खाली आला.
पुन्हा वर गेला.
मेलेल्या माणसाच्या लेखात मी कुठून असणार?
तो शोधत राहिला.
मी खणातल्या मुंग्या झाडत होतो.