हीट रजिस्टर

मीटर बदलायला आलेल्या पोराला
शालननं ताक दिलं, मी प्रश्न दिले.
किती वाजता स्वस्त, किती वाजता महाग,
आकडा आपोआप जातो म्हणता, तर जातो कुठं?
तो म्हणाला, काका, ॲपवर सगळं दिसतंय.

ॲपवर खांब दिसतात, निळे,
तासाला एक.
संध्याकाळी सातचा सगळ्यांत उंच:
हॉल, स्वयंपाकघर, तिची मालिका,
आणि नेमकी त्याच वेळी मोटर लावून
टाकी भरत बसलेला मी.

ॲपवर माझा विश्वास आहे, पण वहीवर जास्त.
शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झालो तेव्हा
डब्याच्या पिशवीत एक कोरं हीट रजिस्टर घालून आणलं होतं.
चोरीच म्हणा.
चार वर्षं कपाटावर धूळ खात होतं, आता कामाला आलं.
रकाने तेच: हीट नंबर, चार्ज, सुरू, बंद, युनिट, शेरा.
इस्त्री, दहा वीस ते दहा पन्नास. शेरा: ठीक.
वॉशिंग मशीन, बारा पाच. शेरा: चादरी जास्त.
मोटर, अकरा. शेरा: आजपासून सातला बंद.

नऊ ते पाच वीज स्वस्त,
हे पचायलाच मला आठवडा गेला.
आमच्या वेळी रात्र स्वस्त होती.
दहाला दर पडायचा
आणि दहालाच मगदूम शेठचा फोन, लावली का?
लावलेली असायची.
साडेअकराला लोखंड पातळ,
बाबू मुल्लाणी लाडलखाली उभा,
त्याच्या चष्म्यात दोन छोट्या भट्ट्या.
सहाला दर चढायच्या आत शेवटचा साचा भरायचा,
मग पंचगंगेचा पूल, लुना, दुधाच्या गाड्या,
ऊन पाठीला.
अशी बावीस वर्षं.
रात्र स्वस्त म्हणून माझी रात्र गेली
हा हिशेब मला कधीपासून ठाऊक होता.
दुपारचा रकाना मी आखलाच नव्हता.

परवा जेवताना शालनला म्हटलं,
मिक्सर, इस्त्री, सगळं दुपारीच उरकत जा,
युनिटमागं चार पैसे सुटतात.
तिनं ताटातला हात थांबवला.
"आता म्हणतासा व्हय?
दुपारी भांडं ठेवताना खाली फडकं घातलंय मी.
कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून
गॅसजवळ उभी राहिलेय.
मसाला करायला सवतेकरांच्या घरी जात होते,
त्यांना वाटायचं आमच्यात मिक्सर नाही."
पोरं कुजबुजत मोठी झाली, तेही ती म्हणाली असती,
पण तेवढ्यात भात वाढायला उठली.

मी घोरत होतो, मला काय ठाऊक.
खिडकीला निळा कागद मीच चिकटवला होता,
तो अजून आहे, एका कोपऱ्यात सुटलेला.

महिनाअखेर बिल आलं.
मागच्यापेक्षा चौसष्ट रुपये कमी.
दोघांची मिसळ त्यात बसत नाही,
एकाची बसते, जादा पाव मागितला नाही तर.
तरी मी लाल पेनानं गोल केला.

आज दुपारी तिनं शेंगदाणे भाजून सोलले,
मिक्सरच्या भांड्यात घातले, झाकण दाबलं,
बटण एकदा फिरवलं
आणि लगेच बंद करून आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.
मी तिच्या समोरच बसलो होतो, रजिस्टर मांडीवर.
म्हटलं, फिरव की, जागा आहे मी.
मग फिरवलं.
कूट केव्हाच झाला होता,
बाजूनं तेल सुटायला लागलं,
तरी तिचा हात बटणावर तसाच.

हीट नंबर एकशे चौदा. शेंगदाणे.
दोन पंचवीस ते दोन अठ्ठावीस.
युनिट: ॲपवर खांब हललासुद्धा नाही.
शेऱ्यात काय लिहू, म्हणून तिलाच विचारलं.
भांडं निपटत ती म्हणाली,
"लिवा. लई आवाज झाला."