यलो गेट, यंत्र क्रमांक तीन

टेबलाचा एक पाय आखूड, खाली जुन्या मस्टरची घडी.
वर तीन यंत्रं, फडकं, स्पिरिटची बाटली
आणि मी, कंपनीनं तीन दिवसांपुरती पाठवलेली.
पहिला दिवस यंत्रांचाच गेला:
काचेवर ऊन पडलं की त्यांना बोट दिसत नाही.
शेवटी गेटवरच्या जवानानं खोक्याचा पुठ्ठा आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी माणसं.
टगवरची, बार्जवरची, पायलट लाँचचा एक सारंग.
कार्ड घाला. बोट ठेवा. दाबू नका हो.
कार्ड घाला. बोट ठेवा.
तांबडा, तांबडा, हिरवा, तांबडा.

इब्राहिम सोलकर, गाव कर्ला, एकतीस वर्षं डेकवर.
दहाही बोटं ठेवून झाली.
पडद्यावर ठसा आला तो ओहोटीनंतरच्या पुळणीसारखा,
इथं रेघा असाव्यात असं वाटण्यापुरता.
"कुठं गेल्या हो?" मी विचारलं.
"अर्ध्या दोरखंडात. अर्ध्या कॉस्टिकमध्ये.
एखादी डर्बनला राहिली असेल, बघा मिळते का."

मॅन्युअलमध्ये उपाय आहे, पान बावन्न:
जुळणीची पातळी खाली आणा.
छापलेला शब्द इंग्रजी, अर्थ साधा, उंबरठा.
आमच्या घरचा अडीच इंचांचा, सागवानी,
त्याला ठेचकाळतच आम्ही चालायला शिकलो.
हा मला एका बोटानं सरकवता येतो.
साठाचा पन्नास केला. तांबडा.
पंचेचाळीस. तांबडा.
चाळीसवर दिवा हिरवा झाला
आणि सोलकर आत आले,
म्हणजे टेबलाच्या या बाजूला,
आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्याले.

मागं रांगेत नथू वैती, विंचवरचा.
त्यानं गमतीत त्यांच्याच कार्डावर
आपला अंगठा टेकवला.
हिरवा.
पुन्हा टेकवला. हिरवा.
रांग खिदळली. "नथ्या, तू सोलकर झालास रे!"
"मग माझे गुडघेपण घे," सोलकर म्हणाले.

मला हसता आलं नाही. त्याला रकाना आहे:
चुकीचा स्वीकार.
तिथं एक लिहिला, खोडला, दोन लिहिले.
साठवर खरा माणूस गेटबाहेर उभा,
चाळीसवर कुणीही कुणीही.
मधे कुठं थांबायचं ते पान बावन्नवर नाही.
रात्री फोनवर साहेब म्हणाले, साठच ठेव,
तांबडे किती ते नुसतं मोजून आण.

तिसऱ्या दिवशी सोलकरांचं नाव यादीत नव्हतं.
तरी आले, इस्त्रीचा शर्ट घालून.
"रातभर खोबरेल चोळलंय, आज बघा."
अंगठा रुमालात गुंडाळून आणला होता,
बाजारातून अंडं आणावं तसा.

मी काच पुसली. मग परत एकदा पुसली.
जवान चहाला गेला होता,
पुठ्ठा मीच धरला.
"ठेवा," म्हटलं, "दाबू नका."