तरलतेचा धडा

भांडुपला महापालिकेच्या मंडईवर, दुसऱ्या मजल्यावर
अभ्यासिका आहे. खाली सुकटीचे गाळे, वर आम्ही.
महिना तीनशे. पंखा आहे, पण खिडकीशी बसणाऱ्याचा.
बहुतेक पोरं फौजदार नाहीतर तहसीलदार व्हायला बसलेली.
माझं जाडजूड पुस्तक बघून एकानं विचारलं,
ताई, जोखीम म्हणजे कुठलं खातं?
मी म्हटलं, सगळीच.

हा तिसरा प्रयत्न.
फी डॉलरात, पगार रुपयात,
आणि पहिल्या खेपेपासून रुपया जो घसरलाय
त्याचं हेजिंग मी केलेलं नाही.
असल्या बाईला पास करावं का, हा प्रश्न रास्त आहे.

पहाटे चारला उठते.
न्हाणीघराच्या टाइल्सवर मार्करनं सूत्रं लिहिलीयेत,
गरम पाण्याच्या वाफेनं रोज एखादं अक्षर जातं.
काल सिग्मा गेला.
कॅल्क्युलेटरवरचं टक्क्याचं चिन्हही गेलंय,
बोटाला ठाऊक आहे कुठे होतं ते.

शेजारच्या खुर्चीत श्रीवर्धनचा झुबेर काझी बसायचा.
पहिल्या झटक्यात सुटला.
जाताना म्हणाला, आलेखातला मधला डोंगर
सगळेच पाठ करतात, तू शेपटीकडे बघ.
नव्व्याण्णव दिवस काही होत नाही,
बँक शंभराव्या दिवशी मरते.
तेवढ्यात खालून मावशी ओरडली,
डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, दर वेगळा!
किती हसलो आम्ही.
पहारेकऱ्यानं वर येऊन दोघांची नावं लिहून घेतली.

निकालात प्रत्येक विषयाचा चतुर्थक कळवतात.
बाजार जोखीम, पहिला. पत जोखीम, दुसरा.
तरलता, चौथा.
दोन्ही वेळा चौथा.
झुबेर फोनवर म्हणाला, अगं, सगळ्यात सोपा धडा तो.
ठेवीदार घाबरतात, रांग लागते, बँक बसते. संपलं.

नाक्यावरच्या सहकारी बँकेत
बाबांची एकवीस वर्षांची ठेव होती.
बातमी फुटली त्या सकाळी
लोक बनियनवर, पदर खोचून, गॅस तसाच ठेवून धावले.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला.
टोकन दोनशे चौदा. चार तास.
खिडकीशी पोचले तेव्हा आत तोडणकर बाई
नोटा मोजता मोजता रडत होत्या,
ओल्या स्पंजकडे न जाता बोट डोळ्याकडे जात होतं.
बाबांनी काढायची स्लिप खिशात घातली,
भरायची मागून घेतली,
आणि दोनशे रुपये भरले.

दुसऱ्या दिवशी शटर.
आई आठवडाभर बोलली नाही. मग बोलली ते
इथे लिहिण्यासारखं नाही.
मी विचारलं, का पण?
म्हणाले, बाय, कोणीतरी भरतंय
असं तिला दिसायला हवं होतं.

सराव परीक्षेतला प्रश्न एकसष्ट:
अशा वेळी ठेवीदाराचं सर्वाधिक संभाव्य वर्तन कोणतं?
चार पर्याय. मी दरवेळी पाचवा शोधत बसते,
तोवर पुढचे दोन प्रश्न बुडतात.
काल रात्री तो मराठीत करून बाबांनाच वाचून दाखवला.
चष्मा नाकावर ओढून पूर्ण ऐकला त्यांनी,
परीक्षेला आपणच बसल्यासारखा.
ब, म्हणाले. सोपं आहे. सगळे पैसे काढतील.
आणि तुम्ही?
माझं काय, मी त्या प्रश्नात नाही.
मग कपाटातलं पासबुक उगाच सरळ करून ठेवलं.

ठीक आहे. नोव्हेंबरात ब लिहीन.
ब बरोबरच आहे.

आज पहाटे न्हाणीघरात सिग्मा पुन्हा काढला.
मार्कर हातात होताच म्हणून त्याच्याखाली,
जमा २००.
आंघोळ थंड पाण्यानं केली.